वाडीच्या विहिरींची मोजणी: मे २०२३ ते जून २०२४

या नोंदी पुरंदर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या आहेत. शिवार ३८० हेक्टर, १४० घरं, माणसं साडेसहाशेच्या आसपास. अंजीर, सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा, हिवाळ्यात कांदा-गहू-हरभरा. कालवा नाही, सगळं विहिरीवर. दर आठवड्याला विहिरींचं पाणी मोजायचं आणि त्यावरून रब्बीचं ठरवायचं, एवढंच काम होतं. दुसऱ्या कुठल्या गावाला हे करायचं असेल तर आमचे गेलेले आठवडे त्यांचे जाऊ नयेत, म्हणून चुका सविस्तर लिहिल्या आहेत.

१४ मे २०२३, रविवार

आज विहिरी मोजल्या, म्हणजे नुसत्या गणल्या. मी, चुलतभाऊ, कॉलेजात जाणारी दोन पोरं आणि निवृत्त पोस्टमन तात्या. तात्यांना प्रत्येक बांध ठाऊक, त्यांच्यामुळे दुपारपर्यंत आटोपलं. ३४ विहिरी निघाल्या. पाच बुजल्यात किंवा वापरात नाहीत. तिघांनी नाही म्हटलं. त्यांना वाटलं आकडा लिहून घेतला की उद्या पाणीपट्टी लागेल. आग्रह केला नाही. राहिल्या २६.

प्रत्येक विहिरीचा व्यास, खोली, कठडा आहे की नाही, मोटार किती एचपीची, आडवी बोअर (विहिरीच्या भिंतीत आडवं पाडलेलं भोक) मारलीय का, हे वहीत लिहिलं. खोली लोक परसात, म्हणजे माणसाच्या उंचीवर, सांगतात आणि प्रत्येकाचा परस वेगळा. एका मामांनी सात परस सांगितली, टेप सोडला तर साडेअकरा मीटर निघाली. विचारून खोली लिहू नका.

२१ मे

पहिली मोजणी. नायलॉनची दोरी (१८० रुपये), टोकाला नट बांधलेला, दर अर्ध्या मीटरला गाठ. दोरी सोडायची, नट पाण्याला लागल्याचा आवाज ऐकायचा, गाठी मोजायच्या. २६ पैकी १९ विहिरी झाल्या आणि ऊन झालं.

२८ मे

दोरी ओली होऊन, वाळून, ताणून बदलली होती. सहज स्टीलच्या टेपला लावून पाहिली तर १० मीटरमागे २२ सेंटिमीटरचा फरक. एका आठवड्यात विहिरीचं पाणी जेवढं खाली जातं, त्याहून ही चूक मोठी. २१ तारखेचं पान वहीतच ठेवलं, पण त्यावर आडवी रेघ मारली.

३० मीटरचा स्टील टेप आणला (६२० रुपये). शेवटच्या अर्ध्या मीटरला खडू फासायचा, टेप पाण्यात थोडा बुडवायचा आणि वर काढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते बघायचं. वर धरलेल्या आकड्यातून ओला भाग वजा करायचा. जुनी पद्धत आहे, आकडा सेंटिमीटरपर्यंत बरोबर येतो. पण विहिरीची भिंत ओली असली की टेप तिला घासतो, खडू मध्येच ओला होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. एका विहिरीला वीस मिनिटं. २६ विहिरींना दोन दिवस लागले.

तरी ही मोजणी कामाची झाली. मे अखेर बऱ्याच विहिरींच्या मोटारी बंदच होत्या, पाणी स्थिर होतं. जमिनीपासून पाण्यापर्यंतची सरासरी ९.६ मीटर. पुढचं सगळं या आकड्याशी ताडून पाहिलं.

४ जून

बझरचं यंत्र केलं. दोन तारांची ३५ मीटर केबल (७७० रुपये), नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा बझर. केबलच्या टोकाला दोन्ही तारा सोलून एकमेकींपासून बोटभर अंतरावर ठेवायच्या. पाण्याला लागल्या की पाण्यातून वीज वाहते आणि वर बझर वाजतो.

पहिल्यांदा वाजलाच नाही. बादलीत मीठ टाकलं की वाजे, साध्या पाण्यात गप्प. आमच्या पाण्यातून बझर वाजण्याइतकी वीज जात नाही. रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या एका काकांनी मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (बारीक वीज वाढवणारा) आणि एक किलोओहमचा रेझिस्टर घातला. मग कपभर पाण्यातही ठणठणीत आवाज. सुटे भाग, पेटी, बॅटरी मिळून १६५ रुपये.

११ जून

यंत्र खोटं बोलतंय. आंब्याखालच्या विहिरीत पाणी ९ मीटरवर डोळ्यांनी दिसतं आणि बझर साडेसहाला वाजतो. दोन रविवार यात गेले. बॅटरी बदलली, जोड पुन्हा डाखले. शेवटी आरसा धरून ऊन विहिरीत पाडलं तेव्हा दिसलं. सहा मीटरवर आडव्या बोअरचं तोंड आहे, त्यातून पाण्याची बारीक धार भिंतीवरून गळते. तारेचं टोक त्या धारेत शिरत होतं.

उपाय साधा. हातभर पीव्हीसी पाइपचा तुकडा, वरून बूच, खालून उघडा, बुचाला हवा जायला छोटं भोक. तारांची टोकं आत, तोंडापासून दोन बोटं वर. धार बाहेरून जाते, टोक कोरडं राहतं. पाइपला शिशाचं वजन बांधलं, त्यामुळे केबल सरळ उतरते. ९० रुपये. केबलचं माप तारांच्या टोकांपासून धरायचं, पाइपच्या तोंडापासून नाही, हे पेटीवरच लिहून ठेवलं.

१८ जून

आज मोजणी तीन तासांत झाली. पोरांनी दोन गट केले.

याच दिवशी एक गोष्ट घडली, तिच्यापुढे बाकी सगळं दुय्यम आहे. माळावरच्या विहिरीला कठडा नाही. केबल सोडताना एका पोराचा पाय कडेच्या मुरमावर घसरला. मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याने कमरेला धरलं म्हणून वाचला. त्या दिवसापासूनचे नियम: एकट्याने मोजायचं नाही. बिनकठड्याच्या विहिरीवर कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक झाडाला किंवा ट्रॅक्टरला. केबल हातात धरून वाकायचं नाही. कडेवर बांबू आडवा टाकायचा आणि त्यावरून केबल सोडायची. काही पडलं तरी विहिरीत उतरायचं नाही. जुन्या विहिरीत तळाला विषारी वायू साठलेला असू शकतो.

२ जुलै

यंदा मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. आमच्याकडे त्याच आठवड्यात पहिला खरा पाऊस.

पर्जन्यमापक घरीच केला होता. १० सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, खाली बाटली. जमा झालेलं पाणी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजायचं: या तोंडाला ७.८५ मिलिलिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला. मी माझा अंगणात ठेवला, चुलतभावाने त्याचा माळावर. त्याच्याकडे ३५ मिलिमीटर, माझ्याकडे २२. माझं पत्र्याचं घर आणि शेवग्याचं झाड वाऱ्यासोबत येणारा पाऊस अडवत होतं. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. माझा हलवला आणि आधीचे चार दिवस माळावरचेच आकडे धरले. पुढे जुलैअखेर विकतचा एक आणला (५५० रुपये), घरच्याशी फरक नगण्य निघाला.

१६ जुलै

दोन गटांचे आकडे जुळत नाहीत. एकाच विहिरीचं पाणी एका रविवारी ७.४०, पुढच्या रविवारी ६.७५, मधे पाऊस नावाला. एक गट कठड्याच्या माथ्यापासून मोजत होता, दुसरा जमिनीपासून. त्यात एका भाऊंनी जूनमध्येच कठडा दोन विटांनी वाढवला होता.

प्रत्येक विहिरीवर तेलरंगाने लाल बाण काढला (रंग आणि ब्रश २४० रुपये) आणि त्या बाणाची जमिनीपासूनची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. मोजायचं बाणापासून, लिहायचं जमिनीपासून. आधीचे ज्यांचे हिशेब लागले ते दुरुस्त केले. चार विहिरींचे लागले नाहीत.

१३ ऑगस्ट

पाऊस दोन आठवडे गायब, आणि तरी ११ विहिरींचं पाणी चढलंय. ओढ्याकाठच्या विहिरीचं तर १ मीटर २० सेंटिमीटर. उन्हाळ्यात ओढ्याच्या बंधाऱ्यातला गाळ काढला होता, सगळ्यांना वाटलं त्याचंच फळ. पारावर पेढे वाटले. मीही फोटो काढून चार गावांच्या लोकांना पाठवला.

२० ऑगस्ट

तीच विहीर आज १ मीटर ६० ने खाली.

संध्याकाळी वही घेऊन बसलो. शेजारच्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज रात्रपाळी संपली, उद्यापासून दिवसा लाइट. आता तरी रात्रीचं दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जावं लागणार नाही." मी ताडकन वहीची पानं उलटली.

शेतीची थ्री फेज वीज आमच्या फीडरवर (वीज मंडळाच्या लाइनवर) आठ तास असते. एक आठवडा सकाळी साडेआठ ते साडेचार, पुढचा आठवडा रात्री दहा ते सकाळी सहा. पाळी सोमवारी बदलते. आम्ही मोजतो रविवारी सकाळी सातला. दिवसपाळीच्या आठवड्यात मोटार बंद होऊन साडेचौदा तास झालेले असतात, विहीर भरून आलेली असते. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार नुकतीच, तासाभरापूर्वी, बंद झालेली असते. आम्ही भूजल मोजतच नव्हतो, वीज मंडळाचं वेळापत्रक मोजत होतो. जुलैमध्ये हे दिसलं नाही, कारण पाऊस होता आणि मोटारी बंद होत्या. ऑगस्ट कोरडा गेला, वाटाणा वाचवायला सगळ्यांनी उपसा केला, तेव्हा उघडं पडलं.

पेढ्यांची बातमी ज्यांना पाठवली होती, त्या सगळ्यांना फोन करून ती चूक होती असं सांगितलं.

२४ ऑगस्ट

विहीर किती वेळात भरून येते ते पाहायचं ठरवलं. मधल्या विहिरीवर मी आणि तात्या बसलो. साडेचारला मोटार बंद. पाचला पाणी ११.८५ मीटरवर. सहाला ११.२०. आठला १०.५०. अंधार पडला म्हणून थांबलो. सकाळी सातला ९.९५. नेमका त्या दिवशी फीडर बंद होता, म्हणून दुपारी बारालाही मोजता आलं: ९.९३. म्हणजे या विहिरीला बारा-चौदा तासांची विश्रांती पुरते.

सगळ्यांना नाही. ओढ्याकाठची तीन-चार तासांत जागेवर येते. माळावरची काळ्या कातळात आहे, तिला तीस तास लागतात. तात्या म्हणाले, "तिचा झरा बारीक, पण खोटा नाही." माळावरच्या विहिरीच्या मालकाने महिन्यातून एकदा दीड दिवस मोटार बंद ठेवायचं कबूल केलं. तिचा तेवढाच आकडा धरतो.

नवी वेळ ठरवली. दिवसपाळीच्या आठवड्यात रविवारी सकाळी सात, रात्रपाळीच्या आठवड्यात रविवारी संध्याकाळी सहा. दर नोंदीपुढे एक नवा रकाना: मोटार बंद होऊन किती तास झाले. हा रकाना पहिल्या दिवसापासून हवा होता. पाळीचं वेळापत्रक सापडलं, त्यामुळे जून ते ऑगस्टमधल्या निम्म्या नोंदी वाचल्या. निम्म्या गेल्या.

३ सप्टेंबर

ऑगस्टचा पाऊस नऊ मिलिमीटर. देशभरात १९०१ पासूनचा हा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, असं हवामान खात्याने जाहीर केलं. वाटाणा माझा अर्धा गेला.

केबलवरच्या खुणा इन्सुलेशन टेपच्या होत्या, उन्हाने सरकल्या. स्टील टेपला लावलं तेव्हा १० मीटरला चार सेंटिमीटरची चूक. आता केबल टाय घट्ट ओढून लावलेत आणि महिन्यातून एकदा स्टील टेपशी ताडतो.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना

पावसाळा संपला असं धरलं. जून ४१, जुलै ११८, ऑगस्ट ९, सप्टेंबर १०३, ऑक्टोबर आजपर्यंत १६. एकूण २८७ मिलिमीटर. सगळ्या विहिरी स्थिर असताना मोजल्या: सरासरी ६.९ मीटर. मेपासून २.७ मीटरने पाणी चढलं.

आता हिशेब. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे १०,००० लिटर. शिवारावर पडलेलं सगळं पाणी १०९ कोटी लिटर. मग जमिनीत मुरलेलं: डोंगरउतार सोडून २६० हेक्टर धरले, गुणिले २.७ मीटर. उत्तर आलं ७०२ कोटी लिटर. पडलं १०९ आणि मुरलं ७०२! रात्री अकरापर्यंत शून्यं तपासत बसलो. शून्यं बरोबर होती.

चूक समजुतीची होती. २.७ मीटर उंचीचा पाण्याचा हौद भरलेला नाही. तो खडक आहे, पाणी फक्त त्याच्या फटींत आणि भोकांत आहे. आमच्यासारख्या फुटलेल्या, मुरमाड काळ्या खडकातून उपसता येईल असं पाणी एक ते तीन टक्के असतं. भूजलाच्या सरकारी हिशेबात दोन टक्के धरतात. दोन टक्क्यांनी १४ कोटी लिटर आलं. खरिपात जे उपसलं ते यात नाही, हे उरलेलं आहे.

पोरांना दोन टक्के पटेनात. १५ लिटरची बादली मुरमाने भरली, तळाला भोक पाडून बूच लावलं, वरपर्यंत पाणी ओतलं. तीन लिटर मावलं. बूच काढलं आणि रात्रभर निथळू दिलं. सकाळी खालच्या पातेल्यात पाऊण लिटर. बाकी मुरमाने धरून ठेवलं. म्हणजे पाच टक्के, तेही मोकळ्या केलेल्या मुरमातून. खालचा कातळ त्याहून घट्ट. बादली देवीच्या मांडवात नेऊन ठेवली.

२२ ऑक्टोबर, अष्टमी

मांडवातच बैठक. साठ-सत्तर माणसं, बाया निम्म्याहून जास्त. आकडे कोळशाने भिंतीवर लिहिले.

शिल्लक १४ कोटी ४ लाख लिटर. मध्य जूनपर्यंत पिण्या-वापरायला माणशी ५५ लिटरने ८६ लाख. जनावरांना ३७ लाख. ४० एकर अंजीर ठिबकवर, झाडाला रोज ४० लिटर धरून पाच कोटी बारा लाख. दोन कोटी तळाचं, मोटारीच्या फुटबॉलला (पाइपच्या तळाच्या झडपेला) न लागणारं. उरलं पाच कोटी सत्तर लाख.

एका एकराची एक पाळी, म्हणजे एकदा पाणी देणं, किती लिटरचं, हे आधी मोजून ठेवलं होतं. पाच एचपीच्या मोटारीखाली दोनशे लिटरचं पिंप लावलं, २४ सेकंदांत भरलं. तासाला ३०,००० लिटर, आठ तासांत दोन लाख चाळीस हजार. आणि आठ तासांत आमचा एक एकर पाटाने भिजतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून एक एकर-पाळी दोन लाख चाळीस हजार लिटर. पाच कोटी सत्तर लाखांत २३७ पाळ्या बसतात.

मग कोण काय लावणार ते विचारलं. कांदा ४५ एकर, गहू ३०, हरभरा ३५. कांद्याला बारा पाळ्या, गव्हाला पाच, हरभऱ्याला दोन. बेरीज ७६०.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "म्हंजे आमच्या हंड्यातलं कांद्याला जाणार." त्यांच्या मुलाचाच आठ एकर कांदा होता.

भांडण झालं, ते लिहिणं इथे गरजेचं नाही. ठरलं ते असं: कांदा १० एकर, गहू १०, हरभरा ३३. सह्या झाल्या ४१.

५ नोव्हेंबर

राज्य सरकारने ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर आहे. टँकरची आशा लागली आणि सह्या करणाऱ्यांपैकी काहींचा हात सैल झाला. प्रत्यक्ष लागवड मोजली: कांदा २२ एकर, गहू १२, हरभरा ४०. पाळ्या ४०४. जेवढं पाणी आहे त्याच्या पावणेदोन पट. पण ७६० नाही.

३ डिसेंबर

एका पाहुण्याने तीनशे फूट बोअर मारली. शेजारच्या काकांची तक्रार की आपली विहीर त्यानेच ओढली. आठवड्याच्या मोजणीवरून हे सांगता येत नाही, तेव्हा दोघांना बसवून पाहिलं. बोअर सहा तास चालू, विहिरीची मोटार बंद, दर अर्ध्या तासाला मोजायचं. विहीर १४ सेंटिमीटर खाली गेली. बोअर बंद केल्यावर चार तासांत नऊ सेंटिमीटर परत. म्हणजे दोघांचं पाणी जोडलेलं आहे. काकांची विहीर महिनाभरात दोन मीटर उतरली होती, तेव्हा सगळं बोअरमुळे असंही नाही. दोघांनी एकाच दिवशी उपसा न करण्याचं मान्य केलं. फेब्रुवारीपर्यंत ते पाळलं गेलं.

याच महिन्यात पुढे केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. कमी लावणाऱ्यांना त्याचा फटका कमी बसला. पण ते आमच्या हिशेबात नव्हतं, आणि त्याचं श्रेय मोजणीला देणं बरोबर नाही.

११ फेब्रुवारी २०२४

ही नोंद पिण्याच्या विहिरीची.

वस्तीवर तीन पोरांना जुलाब. बाया गावची विहीर सोडून खालच्या शेतातल्या विहिरीचं पाणी आणत होत्या. का, तर गावच्या पाण्याला पावडरीचा उग्र वास. एचटूएसच्या दहा बाटल्या (पाणी दूषित असेल तर काळ्या पडतात) आणल्या होत्या (३५० रुपये). दोन्ही विहिरींचं पाणी भरून कोठीत उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेतातल्या विहिरीची बाटली काळीकुट्ट. गावच्या विहिरीची तशीच पिवळट. वासाला कंटाळून लोक चांगलं पाणी सोडून वाईट पाणी पीत होते.

वास का येतो? टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग) पावडर रोज दोन मुठी टाकतात, बारा महिने. टाकणाऱ्या दादांच्या दोन मुठी तराजूत मोजल्या: २१० ग्रॅम. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास सहा मीटर. सप्टेंबरअखेर पाण्याची उंची साडेपाच मीटर होती, म्हणजे दीड लाख लिटरच्या वर आणि पावडर हवी ३८९ ग्रॅम. आज उंची १.८ मीटर, पाणी ५०,९०० लिटर, पावडर हवी १२७ ग्रॅम. पावसाळ्यात, जेव्हा गढूळ पाणी येतं, तेव्हा निम्मी पडत होती. आणि आता दीडपटीहून जास्त. दादांचा यात दोष नाही. पाणी किती आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

विहिरीच्या आतल्या भिंतीवर तेलरंगाने दर अर्ध्या मीटरला पट्टा मारला आणि पट्ट्याशेजारी त्या पातळीला किती ग्रॅम ते लिहिलं. घरातलाच एक डबा मापाचा करून दिला. टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची), रंग पिवळा यायला हवा. पहिल्या दिवशी आलाच नाही. पोतं तोंड उघडं ठेवून दोन महिने पडलेलं, पावडरीचा जोर उतरलेला. नवीन पोतं, झाकणाच्या बादलीत. मग आला.

वर्षभराच्या मोजणीतून सगळ्यात सोपा आणि लगेच दिसणारा उपयोग हा झाला. तो ठरवून केलेला नव्हता.

१७ मार्च

२६ पैकी नऊ विहिरी कोरड्या. कांद्याच्या शेवटच्या दोन पाळ्या निम्म्या लोकांना मिळाल्या नाहीत, कांदा लहान राहिला. अंजिराला ठिबक दिवसाआड. पिण्याच्या विहिरीच्या भोवतालच्या चार मालकांनी १ मार्चपासून पिकाला उपसा बंद ठेवलाय, त्यात ज्यांच्या आईने हंड्याचं बोलून दाखवलं ते भाऊही आहेत. त्यांचा तीन एकर कांदा उभा वाळला.

राज्य सरकारची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तेच महिने आम्ही लाल शाईने लिहायला लागलो आहोत, पुढे ताडून पाहता यावं म्हणून.

२६ मे

सरासरी १०.१ मीटर. गेल्या मेपेक्षा अर्धा मीटर खाली. पिण्याच्या विहिरीत ७० सेंटिमीटर पाणी आहे, टँकर आजपर्यंत मागवावा लागला नाही. गेल्या दुष्काळात एप्रिलमध्ये लागला होता.

वर्षाचा खर्च, दोरी धरून: ३,१९५ रुपये. त्यात १२० रुपये बॅटऱ्यांचे आणि ११० वह्यांचे. वेळ आठवड्याला चार माणसांचे तीन तास.

दोन टक्के आमच्या खडकाला लागू आहे का, याची अजून खात्री नाही. हिशेबाने पाणी एप्रिलअखेर पुरायला नको होतं, थोडं जास्त पुरलं. पुढच्या वर्षी उपसा मोटारीच्या तासांनी लिहायचा, म्हणजे उलटा हिशेब करून तो आकडा काढता येईल. नऊ मालक तास लिहायला तयार आहेत.

९ जून

काल रात्री ३८ मिलिमीटर. ओढा वाहिला, दोन तास. ओढ्याकाठची विहीर आज सकाळी ४० सेंटिमीटर वर. मोटार बंद होऊन अकरा दिवस झाले आहेत, तेव्हा हे खरं आहे. माळावरची जागेवरच. पिण्याच्या विहिरीला गढूळ पाणी आलं, पट्टा पाहून दादांनी पावडर वाढवली.

ज्या तिघांनी मे महिन्यात नाही म्हटलं होतं, त्यातल्या एकाने आज बोलावून विहीर मोजायला सांगितली. क्रमांक २७. लाल बाण काढला, जमिनीपासून ६२ सेंटिमीटर उंच.